जंगलातल्या एका दिवसाचा हिशेब परतीपासून मांडावा

तुमचा प्रश्न मी असा समजलो : अकरा जणांचा गट आहे, सर्वांत लहान मुलगा नऊ वर्षांचा आणि सर्वांत ज्येष्ठ सदस्य चौसष्ट वर्षांचे आहेत, दोघांनी जंगलात कधी पाऊल टाकलेले नाही आणि एका ताईंच्या गुडघ्याची जुनी तक्रार आहे. उष्ण कटिबंधातील वर्षावनात गाईडबरोबर एक साहसी दिवस घालवायचा आहे. आयोजकाने पाठवलेल्या कार्यक्रमानुसार सकाळी ९ वाजता मुक्कामावरून निघायचे, दीड तास गाडीने जायचे, जाऊन-येऊन ७ किलोमीटर चालून धबधबा पाहायचा, तेथे डुंबायचे, मग झिपलाईन (दोन मनोऱ्यांमधल्या तारेला लटकून घसरत जाणे) करायची, मग ट्यूबवर बसून नदीतून तरंगत यायचे, वाटेत प्राणी-पक्षी पाहायचे आणि संध्याकाळी ७ वाजता परत पोहोचायचे. हे सारे एका दिवसात बसेल का, गाईड कसा पारखावा आणि सोबत काय न्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

तिन्हींची उत्तरे देतो. पण गेली बावीस वर्षे अशा गटांना जंगलात नेताना जे पाहिले त्यावरून एक गोष्ट आधी सांगणे भाग आहे. सापामुळे किंवा एखाद्या श्वापदामुळे बिघडलेले दिवस मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. उशीर झाल्यामुळे बिघडलेले दिवस मात्र मोजायचे मी केव्हाच सोडून दिले. म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी मी माझा एक प्रश्न ठेवतो : धबधब्यापासून किती वाजता पाठ फिरवायची आणि ते कोण ठरवणार? याचे उत्तर पक्के झाले की कार्यक्रमात काय राहते आणि काय गळते, गाईडकडून काय अपेक्षा ठेवायची आणि सॅकमध्ये काय भरायचे, हे बरेचसे त्यातूनच निघते.

अर्थात बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात. जंगल विषुववृत्ताच्या अगदी जवळ असेल तर पावसाला ठरावीक महिना नसतो, तो वर्षभर कधीही येतो. उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकावे तसा कोरडा आणि ओला हंगाम वेगळा होत जातो. वाट मळलेली आहे की वेलींतून काढावी लागते, जमीन सपाट आहे की चढउताराची, वाटेत किती ओढे ओलांडावे लागतात, यानुसार माझे आकडे बदलतील. तुमचा स्थानिक वाटाड्या माझ्यापेक्षा वेगळे सांगत असेल आणि त्याचे कारणही देत असेल तर त्याचेच ऐकावे. कारण न देता नुसते ‘काही होत नाही’ म्हणत असेल तर ऐकू नये.

आता हिशेबाकडे वळू. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळजवळ बारा तासांचा असतो आणि सूर्य क्षितिजाकडे सरळ उतरत असल्यामुळे संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो. उंच अक्षांशांवर वाढलेल्या माणसाला रेंगाळणाऱ्या संध्याकाळची सवय असते. ती येथे नाही. त्यातच घनदाट वर्षावनात झाडांच्या माथ्यांचे छप्पर इतके दाट असते की भर दुपारीसुद्धा जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचे शंभरातले एकदोन हिस्सेच पोहोचतात. परिणामी सूर्यास्त सव्वासहाला असला तरी वाटेवरची मुळे आणि निसरडे दगड साडेपाचलाच दिसेनासे होतात. म्हणून जंगलातला दिवस मी साडेपाचला संपला असे धरतो आणि त्यातून दीड तास राखीव ठेवतो. हा दीड तास घोटा मुरगळणे, पाऊस, ओढ्याला पाणी चढणे यांच्यासाठी असतो आणि त्याला कोणीही हात लावायचा नाही. याचा अर्थ जंगलाबाहेर पडण्याची वेळ दुपारी ४.

दुसरा आकडा चालण्याच्या वेगाचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. उघड्या डोंगरावर धडधाकट माणसाला तो आजही बरा लागू पडतो. तुमचे अंतर ७ किलोमीटर आहे आणि चढ ३०० मीटरचा धरला, तर या नियमाने दोन तासांच्या आतच चाल संपायला हवी. तुमच्या आयोजकाने उदार होऊन तीन तास लिहिले आहेत. वर्षावनात मात्र हा नियम मी बाजूला ठेवतो. चिखल, आडवी पडलेली झाडे, गुडघ्याएवढी मुळे, घामाने चिंब कपडे आणि दर पंधरा मिनिटांनी काहीतरी पाहण्यासाठी थांबणारा गट, हे सारे धरून तुमच्यासारख्या मिश्र वयाच्या गटाचा वेग तासाला दीड किलोमीटरच्या वर जात नाही. पुढचा माणूस किती वेगाने चालतो याला काही अर्थ नसतो, शेवटचा कधी पोहोचतो तेवढेच मोजायचे. साडेतीन किलोमीटरला सुमारे सव्वादोन तास आणि अर्धा तास विश्रांतीचा, म्हणजे एका बाजूला पावणेतीन तास झाले.

आता उलट मोजा. दुपारी ४ वाजता बाहेर पडायचे तर धबधब्यापासून सव्वा वाजता निघाले पाहिजे. तुमच्या कार्यक्रमानुसार गट ९ वाजता मुक्कामावरून निघतो, साडेदहाला चालायला लागतो आणि सव्वा वाजता धबधब्यावर पोहोचतो. थोडक्यात, पोहोचताक्षणीच पाठ फिरवायची. डुंबणे, जेवण, झिपलाईन आणि नदी यांना या दिवसात मिनिटभरही जागा नाही. ती फक्त कागदावर आहे. हाच गट पहाटे ६ वाजता निघाला तर साडेसातला चाल सुरू होते, सव्वादहाला धबधबा येतो आणि तेथे घालवायला तीन तास हाती राहतात. मी त्यातले दोनच वापरीन आणि सव्वाबाराला निघेन, कारण अनेक उष्ण कटिबंधीय जंगलांत सकाळभर तापलेल्या हवेचे ढग होऊन पाऊस दुपारनंतर कोसळतो आणि त्या वेळी परतीचा ओढा ओलांडून झालेला असलेला बरा.

पाठ फिरवण्याची वेळ आदल्या संध्याकाळी सर्वांसमोर आकड्यात सांगावी आणि ती बदलायची झाली तर फक्त अलीकडे आणता येईल, पलीकडे नेता येणार नाही, असे ठरवून घ्यावे. हा नियम मी स्वतःच एकदा मोडला आहे. सुरुवातीच्या वर्षांत नऊ जणांचा एक मोठा आनंदी गट होता. पाणी सुंदर होते, सगळे ‘अजून थोडा वेळ’ म्हणत होते आणि मलाही त्यांचा विरस करवेना. चाळीस मिनिटे जास्त थांबलो. परतीच्या वाटेवर पाऊस आला, वेग निम्म्यावर आला आणि शेवटचा तासभर आम्ही नऊ जणांत दोन विजेऱ्या घेऊन चाललो. एका बाईंचा पाय मुळात अडकून घोटा सुजला आणि उरलेले आठशे मीटर त्यांना दोघांच्या खांद्यांवर हात टाकून यावे लागले. त्याला आम्हाला दीड तास लागला. जिवावर काही बेतले नाही, पण त्या चाळीस मिनिटांची किंमत मला पुरती कळली. तेव्हापासून मी घड्याळाचा गजर लावतो आणि गजर वाजला की निर्णय माझा नाही, घड्याळाचा आहे असे सांगतो. लोकांनाही माणसापेक्षा घड्याळावर रागावणे सोपे जाते.

उकाड्याविषयी नवख्या गटांचा मोठा गैरसमज असतो. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळल्याने होते. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. शरीरातले पाणी आणि क्षार जातात आणि थंडावा मात्र मिळत नाही. त्यामुळे तापमापकावर तीसच अंश दिसत असले तरी तेवढ्याच तापमानाच्या कोरड्या प्रदेशापेक्षा दमछाक लवकर होते. शरीराला अशा हवेची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तुमचा गट आदल्या दिवशी पोहोचणार असेल तर सवय झालेली नाही असेच धरून चालावे, आणि शक्य असल्यास ही सहल मुक्कामाच्या पहिल्या दिवशी न ठेवता तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवावी.

पाणी चालताना ताशी अर्धा ते पाऊण लिटर लागते, म्हणून प्रौढाला दिवसाला तीन ते चार लिटर धरावे. चार लिटरचे वजन चार किलो होते आणि नऊ वर्षांच्या मुलाने ते वाहू नये, हे वजन कोणाच्या पाठीवर जाणार ते आधीच ठरवावे. नुसते पाणी ढोसत राहणेही धोक्याचे असते, कारण रक्तातील सोडियम उतरले तर डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी सुरू होते आणि ती लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. म्हणून मधूनमधून क्षारपाणी आणि खारट खाऊ हवा. एखादा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, चिडचिड करू लागला, तर तो उष्माघात आहे असे समजून त्याला तेथेच सावलीत आडवे करावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि मदत मागवावी. आधी थंड करायचे आणि मग हलवायचे, हा क्रम उलटा होता कामा नये. गाईडला हा क्रम विचारून पाहा. तो ‘लगेच खाली उतरवू’ म्हणाला तर प्रथमोपचाराचे त्याचे शिक्षण कच्चे आहे असे समजावे.

आता ओढ्याविषयी थोडे जास्त लिहितो, कारण मला जंगलात भीती वाटते ती याचीच. डोक्यावर निरभ्र आकाश असताना वरच्या पाणलोटात पाऊस पडलेला असतो आणि त्याचा लोंढा तासाभराने खाली येतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. सकाळी खेळत ओलांडलेला गुडघाभर ओढा दुपारी त्याच उंचीला माणसाचे पाय उचलू शकतो. काही वर्षांपूर्वी एका वाटाड्याने मला शिकवलेली गोष्ट मी आजवर करत आलो आहे. पहिला ओढा ओलांडल्यावर तो खाली बसला, बोटाएवढी एक काडी घेऊन ती पाण्याच्या अगदी कडेला चिखलात उभी खोचली आणि काहीही न बोलता पुढे निघाला. वीस मिनिटांनी पुढच्या वळणावर पाण्यात पाने आणि बारीक काटक्या वाहताना दिसल्या. पाणी अजून नितळच होते, पण त्याचा आवाज किंचित भारी झाल्यासारखा वाटत होता. तो थांबला, गटाला तेथेच बसवले आणि मला घेऊन मागे आला. काडी जागेवरच होती, फक्त आता ती काठापासून दोन वीत आत उभी होती आणि तिच्या टोकाचे जेमतेम एक पेर पाण्यावर होते. त्या दिवशी आम्ही धबधबा न पाहताच परतलो. ओढा आमच्या मागे तपकिरी होऊन फुगला तेव्हा गटातला शेवटचा माणूस पलीकडे पोहोचून पंधरा मिनिटे झाली होती. त्याआधीची सगळी वाट मात्र मला गटाची कुरकुर ऐकावी लागली होती, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

म्हणून पाणी गढूळ होणे, त्यात काडीकचरा येणे, आवाज बदलणे किंवा पातळी अचानक उतरणे (वर काहीतरी अडकून तुंबल्याचे ते लक्षण असते) यांपैकी काहीही दिसले तर ओलांडायचे नाही आणि काठावर बसायचेही नाही, उंच जागी जायचे. विजा चमकू लागल्या तर वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो, तेव्हा तिसाच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी पाणी, झिपलाईनचे मनोरे आणि एकटे उंच झाड सोडून दूर व्हावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. जेवणासाठी किंवा विश्रांतीसाठी बसताना आधी वर पाहण्याची सवय लावून घ्या. पावसाने जड झालेल्या वाळक्या फांद्या वाऱ्याशिवायही पडतात.

गाईड पारखताना परवाना, प्रथमोपचाराचे चालू प्रमाणपत्र आणि विमा हे विचारायलाच हवे, पण ते कागद आहेत आणि कागद सर्वांकडे असतात. मला जास्त उपयोगी पडलेले प्रश्न वेगळे आहेत. ‘या हंगामात तुम्ही कितीदा अर्ध्यातून परतलात आणि का?’ हा पहिला. जो गाईड ‘कधीच नाही’ असे अभिमानाने सांगतो त्याच्याबरोबर मी जाणार नाही. जो दोन-तीन प्रसंग तारखेवार सांगतो त्याच्याबरोबर डोळे मिटून जाईन. ‘एखाद्याला मधूनच परत न्यावे लागले तर त्याच्याबरोबर कोण जाईल?’ हा दुसरा. तुमच्या गटात हे घडण्याची शक्यता चांगलीच आहे, गुडघा किंवा लहान मूल यांपैकी कशामुळेही. एकच गाईड असेल तर एका माणसासाठी अकरा जणांना परतावे लागते किंवा, त्याहून वाईट, त्या माणसाला ‘येथेच बसा, आम्ही येतो’ असे सांगितले जाते. तसे कधीही होऊ देऊ नका. अकरा जणांसाठी मी दोन गाईड धरतो, एक पुढे आणि एक सर्वांच्या मागे. मागच्याच्या मागे कोणीही राहायचे नाही आणि पुढच्याच्या पुढे कोणीही जायचे नाही. वेग गुडघ्याची तक्रार असलेल्या ताईंनी ठरवावा, म्हणून त्यांना पुढच्या गाईडच्या लगेच मागे ठेवावे. त्यांना शेवटी ठेवले तर गट प्रत्येक थांब्यावर त्यांची वाट पाहतो आणि त्या पोहोचल्या की निघतो. विश्रांती सर्वांना मिळते, फक्त त्यांनाच मिळत नाही.

तिसरा प्रश्न संपर्काचा. दाट जंगलात मोबाईलला रेंज नसते आणि उपग्रहावर चालणाऱ्या संदेशयंत्रालाही मोकळे आकाश लागते. झाडांखालून संदेश उशिरा जातो किंवा अडकतो. म्हणून वाटेवर आकाश उघडे असलेल्या जागा कोणत्या, सर्वांत जवळचे रुग्णालय किती तासांवर आहे आणि ठरल्या वेळी गट बाहेर आला नाही तर मुक्कामावरचा कोण माणूस किती वाजता शोध सुरू करेल, ही तीन उत्तरे गाईडकडून घ्यावीत. शेवटचे उत्तर बहुतेक ठिकाणी तयारच नसते. ते तयार करायला लावणे हे तुमचे काम आहे.

झिपलाईन आणि नदी यांतले काय ठेवावे? माझ्या मते दोन्ही गाळावे किंवा फार तर एक ठेवावे, आणि ठेवायचेच तर ते जंगलाबाहेर, परतीच्या रस्त्यालगत असावे, म्हणजे उशीर झाला तर निमूटपणे सोडून देता येते. झिपलाईनला वजनाची किमान आणि कमाल मर्यादा असते. तुमच्या मुलाचे वजन किमान मर्यादेपेक्षा कमी असेल तर तो मध्येच तारेवर थांबू शकतो, हे आधी विचारा. हेल्मेट डोक्यावर डुगडुगता कामा नये, हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज, कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे आणि मनोऱ्यावर उभे असताना माणूस क्षणभरही दोरीशिवाय नसावा. नदीत लाईफ जॅकेट अंगात घातल्यावर त्याचे खांद्यांवरचे पट्टे धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर माप चुकले. ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी ५० न्यूटनचे (न्यूटन हे जॅकेट माणसाला किती जोराने तरंगवते याचे माप) जॅकेट पुरत नाही, ते पोहता येणाऱ्यांसाठी असते. निदान १०० न्यूटनचे मागावे. धबधब्याखालच्या डोहात सूर मारू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

सोबत काय न्यावे याची यादी लांबवण्यात अर्थ नाही. लांब बाह्यांचा सैल, लवकर वाळणारा शर्ट आणि तशीच पँट असावी. जीन्स भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटते. बूट वापरून मऊ झालेले आणि खोल खाचांच्या तळव्याचे असावेत. काही सपाट, चिखलाच्या जंगलांत स्थानिक लोक गमबूटच घालतात आणि ते बरोबर असते, तेव्हा गाईड काय घालतो ते विचारून घ्यावे. प्रत्येकाकडे स्वतःची हेडटॉर्च, शिट्टी, पातळ रेनकोट, मोज्यांचा जादा जोड आणि रोजची औषधे जलरोधक पिशवीत असावीत. ‘आम्ही तर दिवसाच परतणार, टॉर्च कशाला?’ असे विचारणाऱ्याच्या सॅकमध्ये मी स्वतः टॉर्च टाकतो. डास पळवणाऱ्या मलमात डीईईटी या रसायनाचे प्रमाण वीस ते तीस टक्के असले की पुरते. आधी सनस्क्रीन आणि त्यावर ते लावावे. ते प्लॅस्टिक विरघळवते, त्यामुळे चष्म्याच्या काचा आणि घड्याळ जपा.

प्रवासाआधीचे आरोग्य हा डॉक्टरांचा विषय आहे आणि तो सहा आठवडे आधी हाताळावा, कारण काही लसी आणि मलेरियाच्या गोळ्या वेळेवर सुरू कराव्या लागतात. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र तर लस घेतल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य होते, मात्र २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. काही मलेरियाविरोधी गोळ्या परतल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात आणि नेमक्या तेव्हाच लोक त्या विसरतात.

दक्षिण आणि आग्नेय आशियातील ओल्या जंगलांत जळवा लागतातच. त्यांना मीठ, काडेपेटी किंवा तंबाखू लावू नये. नख कातडीवर सपाट टेकवून त्यांचे तोंड बाजूला सरकवावे. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याने जखम बराच वेळ वाहते आणि मोजा लाल झालेला पाहून नवखे घाबरतात, पण बहुधा त्यात काळजीचे काही नसते. सापाविषयी एवढेच की हात तेथे ठेवायचा नाही जेथे डोळे पोहोचत नाहीत आणि आडवे झाड ओलांडताना आधी त्यावर पाय ठेवून पलीकडचे पाहायचे. दंश झालाच तर चिरायचे नाही, चोखायचे नाही, दोरी आवळायची नाही. अंगठ्या आणि घड्याळ काढायचे, दंश झालेला अवयव खपच्यांनी स्थिर करायचा आणि माणसाला चालू न देता रुग्णालयात न्यायचे.

गटापासून सुटलेल्या माणसाने काय करावे, हे निघण्याआधी नऊ वर्षांच्या मुलासह सर्वांकडून म्हणून घ्यावे : जागेवर थांबायचे, झाडाजवळ बसायचे, मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवायची, मग एक मिनिट थांबून पुन्हा वाजवायची. ओढ्याच्या काठाने खाली गेले की माणसे सापडतात, असे पुष्कळांनी ऐकलेले असते. १९७१ च्या डिसेंबरात पेरूच्या जंगलावर विमान कोसळल्यानंतर एकटी वाचलेली सतरा वर्षांची जुलियाने कोएप्के सुमारे अकरा दिवसांनी पाण्याच्या आधारानेच माणसांपर्यंत पोहोचली, हे खरे आहे. पण ती त्या जंगलात आईवडिलांच्या संशोधन केंद्रावर राहिलेली होती आणि ती नेमकी कोठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. तुमचा गाईड मात्र तुमच्यापासून दोनशे मीटरवर असतो आणि तुम्ही हललात की ते अंतर वाढते.

प्राणी दिसतील का? फारसे दिसणार नाहीत, हे आधीच गटाला सांगून टाकलेले बरे. वर्षावनात जीव अफाट असतात, पण ते तीस-चाळीस मीटर वर, पानांआड आणि बरेचसे रात्री हिंडणारे असतात. अकरा बोलक्या माणसांपुढे तर कोणीच येत नाही. पहाटे लवकर निघण्याचा आणखी एक फायदा म्हणजे पहिला तास पक्ष्यांचा असतो, दुपारी झाडांवर किर्र आवाज करणाऱ्या सिकाडा या कीटकांशिवाय काही ऐकू येत नाही. त्या पहिल्या तासात एकदा सर्वांना वीस मिनिटे न बोलता बसवावे. चालून जे दिसत नाही ते बसून दिसते, आणि गुडघ्यालाही आराम मिळतो.

तेव्हा आयोजकाला आजच कळवा की सकाळी ६ वाजता निघायचे आहे, गाईड दोन हवेत, नदी आणि झिपलाईन तूर्त वगळावी आणि धबधब्यापासून सव्वाबाराला परत फिरायचे आहे. तो नाखूश झाला तर दुसरा आयोजक पाहा. पहिल्या ओढ्याशी पोहोचल्यावर काडी खोचायचे काम तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला द्या आणि परतताना ती कोठे आहे हे गाईडला सांगण्याची जबाबदारीही त्याचीच ठेवा. मी बऱ्याच मुलांना हे काम दिले आहे आणि काडी विसरलेला एकही मुलगा मला अजून भेटलेला नाही.